गेटावरचा लाल दिवा

घराची किल्ली चौकटीवर ठेवायची आणि ती तिथे आहे हे अख्ख्या आळीला ठाऊक असायचं, ही आमच्या गडब गावची रीत. घरापुरती ठीक आहे. पण आमचे सुपरवायझर प्रदीपदादा ती रीत धाटाव एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत घेऊन आले, आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

कंपनीच्या गेटाचा प्रोग्राम मी लिहिलाय. कामगाराने अंगठा ठेवला की गेट मुख्य कचेरीच्या सर्व्हरला विचारतं, ह्याला सोडू का? सर्व्हर आधी गेटाचीच ओळख मागतो. ती ओळख म्हणजे सर्टिफिकेटची फाइल आणि तिचा पासवर्ड. जपून ठेवा असं बजावून मी ती फक्त दादांकडे दिली होती.

मंगळवारी सकाळी जो अंगठा ठेवेल त्याला लाल दिवा. मॅनेजर सुशील सरांनी सगळ्यांदेखत माझ्या कोडला नावं ठेवली, ते सर्टिफिकेटचं झेंगट काढून टाक म्हणाले. मी दात-ओठ खात तपासलं, तर सर्टिफिकेटच रद्द झालेलं. मुख्य कचेरीला फोन केला तेव्हा कळलं, कोणीतरी आमचीच फाइल वापरून बाहेरून सर्व्हरमध्ये शिरू बघत होतं, म्हणून त्यांनीच ते रद्द केलं. दादांनी ती पासवर्डासकट शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. कोणाचं अडू नये म्हणून म्हणे.

आणि अडलं कोणाचं? ठमाबाईचं. वाडीवरची ही बाई ठेकेदाराकडे झाडलोट करते. तापामुळे आधीच खाडे झालेले, आज आणखी एक पडला की नाव कापणार होते.

"रोज याच गेटातून जाते गो," ती मला म्हणाली. "ह्यो वॉचमन मला वळखतो का नाय?"

वॉचमन मान खाली घालून उभा राहिला.

दुपारी नवं सर्टिफिकेट आलं, मी ते बसवलं, गेट उघडलं. तरी ठेकेदाराने ठमाबाईचा खाडा मांडलाच. सुशील सर म्हणाले, कोडमध्ये चूक होती असं लिहून दे आणि प्रकरण मिटव. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी घडलं तेच मुख्य कचेरीला कळवलं. फाइल कोणी फोडली तेही, आणि ठमाबाई सकाळपासून गेटावर उभी होती तेही. संध्याकाळी तिचा खाडा रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी तिने अंगठा ठेवला. हिरवा दिवा. तिच्यामागे मी ठेवला. लाल. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. कोड बरोबर होतं, सर्टिफिकेटही बरोबर होतं. सुशील सरांनी आत सोडायच्या यादीतून माझं नाव तेवढं काढलं होतं.

ठमाबाई आतून मागे वळली. "हिला तरी वळखतोस ना रे?" तिने वॉचमनला विचारलं.

त्याने पुन्हा मान खाली घातली.