मिर्वाचा उजवा कान

मिर्वाने बंदुकीच्या आवाजापासून कान झाकणाऱ्या इअरमफचा उजवा कप कानावरून उचलला, तो फक्त तुइस्कूचं भुंकणं नीट ऐकू यावं म्हणून. कुत्री दलदलीच्या पलीकडे होती आणि दोन्ही कान झाकल्यावर आवाज कुठल्या अंगाने येतोय ते मिर्वाला कळेना. मूसच्या, त्या थोराड रानहरणाच्या, शिकारीचा तिचा हा पहिलाच मोसम. तिचा बाप तौनो तिच्या उजव्या हाताला ओंडक्यावर बसला होता, कान उघडे टाकून, जन्मभर बसत आला तसा. झुडपांतून मूस बाहेर आला. तौनोने बंदूक उचलली आणि झाडली. नळीचं तोंड मिर्वाच्या कानापासून जेमतेम हातभर लांब होतं.

मूस जागच्या जागी पडला. आम्ही शिकारी मंडळातले सगळे गोळा झालो, तौनोची पाठ थोपटली, मिर्वालाही शाबासकी दिली. ती हसली. तिला फक्त आमचे ओठ हलताना दिसत होते, हे तिने मला फार पुढे सांगितलं. संध्याकाळपर्यंत डावा कान मोकळा झाला. उजव्यात मात्र एक बारीक, उंच शीळ सुरू झाली होती.

ती शेडमध्ये आमच्याबरोबर मांस कापत राहिली आणि गप्प राहिली. पहिल्याच वर्षी कान दुखतो म्हणून रडत बसली, असं कुणी म्हणायला नको होतं. शीळ थांबेना तेव्हा ती शहरात डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच यायला हवं होतं. वरच्या पट्टीतलं ऐकणं त्या कानातून गेलं होतं. शीळ थांबेल का, हे त्यांना सांगता येईना.

मिर्वा आमच्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि गाणाऱ्यांचा संच सांभाळते. तिचं पोट कानावर. त्या हिवाळ्यात वरच्या सुरात गाणाऱ्या बायका बेसूर होऊ लागल्या आणि तिच्या ते लक्षातच आलं नाही. शेवटी त्यातल्याच एका म्हातारीने तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. मयतीच्या प्रार्थनेनंतर सगळे खाली मान घालून उभे राहतात, तेव्हा तिच्या कानात शीळ इतकी वाढायची की आपल्याखेरीज इतरांनाही ती ऐकू जात असणार असं तिला वाटायचं. झोप उडाली. उशीखाली रेडिओ चालू ठेवून ती पडून राहायची.

शनिवारी सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, ती बापाकडे जायची, तेही जड पायांनी. तौनोच्या घरात टीव्ही इतका मोठ्याने चाले की अंगणात बातम्या ऐकू येत. एकदा तिने कान वाजतो म्हणून सांगून पाहिलं. "सगळ्यांचेच वाजतात," तो म्हणाला आणि तिच्या कपात कॉफी ओतली. कुणाच्या गोळीने, हे ती बोलली नाही आणि त्याने विचारलंही नाही. आई सिल्वी हयात असती तर तिने दोघांना बोलतं केलं असतं. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

पुढचा मोसम आला तेव्हा आमच्या मंडळाचा म्होरक्या रैमो याने नियमच काढला, की इअरमफ नसेल त्याला जागा नाही. सगळ्यांसाठी त्याने नवे मागवले, बारीक आवाज मोठा करणारे आणि बंदुकीचा आवाज तेवढा अडवणारे. तौनो म्हणाला, "मग मला घरीच बसव. मी काय बाळ आहे टोपडं घालायला?" पण पहिल्या दिवशी सकाळी तो हजर होता, इअरमफ गळ्यात अडकवून. आणि मिर्वाही आली. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बंदूक आणली नव्हती. बाबाबरोबर बसते, एवढंच म्हणाली.

मी त्यांच्या शेजारच्या जागेवर होतो, मध्ये नुसती बर्च झाडांची रांग. हाका सुरू झाला. तुइस्कूचं भुंकणं आमच्याच रोखाने सरकत होतं. मग मला मिर्वाचा आवाज ऐकू आला, आधी पुटपुटल्यासारखा.

"काय?" तौनो म्हणाला.

ती पुन्हा काहीतरी बोलली.

"काय म्हणतेस?"

आणि मग ती इतक्या मोठ्याने बोलली की दलदलीपर्यंत ऐकू गेलं असेल. "तू माझा कान घालवलास, बाबा! वर्ष झालं, तुझी ती गोळी माझ्या कानात वाजतेय! आणि तू मला कॉफी पाजतोस!"

समोरच्या झाडीत फांद्या मोडल्या. मूसची मादी आणि तिचं पिल्लू वळून आल्या वाटेने निघून गेले. वॉकी-टॉकीवर रैमो चिडून विचारत होता, कोण ओरडलं. मी उत्तर दिलं नाही.

त्यानंतरचं मला मिर्वाकडून कळलं. "ते निदान कानावर तरी घाल," ती म्हणाली आणि बापाच्या गळ्यातला इअरमफ स्वतःच त्याच्या कानांवर चढवून बटण दाबलं. तौनो दचकला. मान वळवून झाडांकडे बघू लागला. मग ती साध्या आवाजात, घरात बोलावं तसं बोलली, आणि त्याला ते ऐकू गेलं. चर्चमधलं, झोपेचं, म्हातारीने बाजूला घेतल्याचं, सगळं तिने सांगितलं. तो मध्ये एकदाही 'काय' म्हणाला नाही.

त्याने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "माझ्या कानात सैन्यातून आल्यापासून वाजतंय. दोन्ही. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, बायका कानात बोळे घालतात. पुन्हा कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही."

"आईला वाटायचं तुला तिच्याशी बोलायचंच नसतं," मिर्वा म्हणाली. "शेजारणींना तेच सांगायची ती."

"माहीत आहे मला."

मिर्वाला वाटलं, संपलं.

"शेवटच्या दिवशी ती काहीतरी बोलली," तौनो म्हणाला. "तू बाहेर नर्सशी बोलत होतीस. मला ऐकू नाही आलं. परत विचारायची लाज वाटली. मी मान हलवली."

मिर्वाला आठवलं, तेव्हा तिने विचारलं होतं, आई काय म्हणाली. पाणी मागत होती, असं त्याने सांगितलं होतं. इतकी वर्षं तिने तेच खरं मानलं होतं. त्याचा हात धरावा की उठून निघून जावं, हे तिला ठरवता येईना. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. हाका संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

दुपारी शेकोटीपाशी रैमोने पुन्हा विषय काढला. हातातून गेलेली शिकार कुणालाच पचत नव्हती. कुणीतरी म्हणालं, ऑर्गनवालीला जंगलात आणलं की असंच होणार. तौनो सॉसेज भाजत होता. त्याने काठी खाली ठेवली.

"गेल्या साली माझ्या गोळीने तिचा कान गेला," तो म्हणाला. "ती शेजारी आहे हे बघून मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. तिने आज ओरडून सांगितलं, कारण मला हळू बोललेलं ऐकू येत नाही. आता कुणाला काही म्हणायचंय?"

रैमोने किटली उचलली आणि आधी मिर्वाचा कप भरला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. तौनोने कान तपासून घेतले आणि आता तो श्रवणयंत्र लावतो, तेही कुरकुरत. जंगलात इअरमफशिवाय बसत नाही आणि कुणाच्या नुसता गळ्यात अडकवलेला दिसला तर त्याच्या अंगावर खेकसतो. मिर्वा पुन्हा शिकारीला आली नाही. संचातल्या बायकांना तिने डाव्या हाताला उभं केलंय. शनिवारी ती बापाकडे जाते, पण महिन्याच्या सगळ्या शनिवारी नाही. एखाद्या शनिवारी त्याचा चेहरा बघवत नाही, असं ती मला म्हणाली होती. आईने पाणी मागितल्याचं तो किती सहज बोलला होता, तेच आठवत राहतं.

मध्यंतरी तिने त्याला विचारलं, हे कधी थांबतं का. सौनात वरच्या बाकावर दोघं बसली होती.

"नाही," तो म्हणाला. "पण एखाद्या दिवशी संध्याकाळी लक्षात येतं, की सकाळपासून त्याची आठवणच झाली नाही."

"खरंच?"

तौनोने भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेचा मोठा आवाज झाला आणि त्यात तो काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. तिने परत विचारलं. त्याने परत सांगितलं, "खरंच." पण तो तिच्याकडे बघत नव्हता, आणि हे खरं होतं की तिच्यासाठी म्हटलेलं, ते मिर्वाला अजून उमगलेलं नाही.