लुगड्याने मोजलेले चाळीस वार

आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर पद्मिनीने दोन पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. एक आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी, दुसरी पुढे शेजारच्या नोव्हाकच्या टपालपेटीच्या अलीकडे. मधलं अंतर चाळीस वार. श्रीरंग तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि शाळेच्या फुटबॉल टीममध्ये नुकता आला होता. इथला, अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं. मुलगा किती वेगवान आहे हे चाळीस वार पळवून बघतात. एवढं कोचने पद्मिनीला सांगितलं आणि ती घरी येऊन कामाला लागली.

मी काउंटीच्या रस्ते खात्यात सर्व्हेअर आहे. त्या दिवशी मी कामावर होतो आणि स्टीलची टेप माझ्या गाडीत. तिने तिच्या आईचं नऊवारी लुगडं काढलं आणि त्याने रस्ता मोजला. मी संध्याकाळी आलो तेव्हा रेघा वाळत होत्या.

"सर्व्हेअरच्या दारात लुगड्याने मोजलेला रस्ता," मी म्हणालो. "ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल माझी."

"तुमची टेप गावाला मोजू दे," ती म्हणाली. "हा घरचा रस्ता आहे."

पुढची आठ वर्षं तो सुट्टीत त्या रेघांवर पळाला. दुसऱ्या रेघेपाशी ती स्टॉपवॉच घेऊन उभी असायची, खांद्यावर स्वयंपाकघरातलं फडकं. आकडा ती मराठीत आणि मोठ्याने सांगायची. नंतर नागपूरला फोन केला की तिच्या बहिणीलाही सांगायची. बहिणीला त्यातलं काही कळत नसे.

गेल्या डिसेंबरात पद्मिनी गेली. पोटाचा कॅन्सर होता. तिच्या कपाटाला मी हात लावला नव्हता.

मार्चमध्ये श्रीरंगचा कॉलेजमधून फोन आला.

"बाबा, मी वीकभर घरी येतोय."

"आणि क्लासेस?"

"मिस करतो. नेक्स्ट सॅटर्डेला स्काउट्स येणार आहेत. मला तिथे पळताच येत नाही."

प्रोफेशनल संघ एप्रिलच्या शेवटी कॉलेजांतली मुलं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी त्यांची माणसं, म्हणजे स्काउट, येऊन मुलांची उंची घेतात, वजन घेतात, जागेवरून उडी मारायला लावतात आणि चाळीस वार पळवतात. श्रीरंगचं कॉलेज लहान. त्याचा खेळ कोणी मोठ्या माणसाने पाहिलेला नव्हता. त्याच्या हातात हा एकच दिवस होता. कोचने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, चार पॉइंट सहा सेकंदांत आलास तर तुझं नाव लिहून घेतील, नाही तर नाही. डिसेंबरपासून तो चार पॉइंट सातच्या खाली आला नव्हता. पाय लाकडासारखे होतात म्हणाला.

"आणि नाही जमलं तर?"

"देन आय ॲम डन, बाबा. मग नोकरी शोधायची."

तो यायच्या आदल्या दिवशी मी रस्त्यावर जाऊन बघितलं. बर्फ काढणाऱ्या गाडीने आणि मिठाने दुसरी रेघ जवळजवळ खरवडून टाकली होती. थोडासा पांढरा माग राहिला होता. नव्याने मारायची तर नीट मारू, म्हणून मी टेप लावली. रेघ जवळपास दोन वार अलीकडे होती.

मी पुन्हा मोजलं. चूक नव्हती. जुनं सुती लुगडं धुऊन धुऊन आटलेलं, आणि दर वेळी टोक धरताना थोडं कापड मुठीत गेलेलं. दोन वार म्हणजे पळताना सेकंदाचा पाचवा भाग. आठ वर्षं पोरगं कमी पळत होतं आणि आम्ही खूश होत होतो. मला वाटलं, शनिवारी परक्या माणसांसमोर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. मी खऱ्या जागी नवी रेघ मारली आणि जुन्या मागावर काळा रंग फिरवला.

श्रीरंग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंग मोकळं केलं आणि पळाला. मी घड्याळ धरलं होतं. चार पॉइंट आठ. तो पुढे जाऊन थांबला, मान खाली घालून परत आला आणि बुटाने काळा रंग घासायला लागला.

"ही लाइन कोणी हलवली?"

"मी. पहिली कमी होती. टेप लावून बघितलं. लुगडं आटलं होतं, त्यामुळे..."

"आय नो, बाबा."

"काय माहीत आहे तुला?"

"कमी आहे ते. टेन्थ ग्रेडपासून माहीत आहे. शाळेत पळलो की नेहमी स्लो यायचो. मी काय बुद्दू आहे?"

"मग आईला बोलला नाहीस ते?"

"कशाला बोलू? तिचा चेहरा बघितलाय ना तुम्ही, नंबर सांगताना?" त्याचा आवाज चढला. "रिअल फॉर्टी सगळीकडे आहे. कॉलेजात आहे. सॅटर्डेला आहे. ती पळायला मी दोन तास ड्राइव्ह करून इथे येईन का? ही एकच होती माझ्याकडे. अँड यू पेंटेड ओव्हर इट."

तो घरात गेला. मी रस्त्यावर उभा राहिलो. काळा रंग घासून निघणारा नव्हता, तो मीच निवडून आणला होता.

मग मी वर जाऊन पद्मिनीचं कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याखाली तिचा. लुगडं सगळ्यात खालच्या कप्प्यात होतं. हिरवं, काठ विरलेला. ते घेऊन मी श्रीरंगच्या खोलीच्या दारात गेलो.

"चल. एक टोक धर."

तो उठला.

आम्ही पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. लुगडं ताणायचं, खडूची खूण करायची, पुढे सरकायचं. चार वेळा झालं.

"आता चार वार राहिले," मी म्हणालो. "ते तिने कसे घेतले?"

"हाफ फोल्ड केलं. मग त्यातून एक हात मायनस. कोपरापासून बोटांपर्यंत, अर्धा वार." त्याने स्वतःचा हात लावून दाखवला, मग थांबला. "नो, नो, आईचा हात. शॉर्ट होता. इथपर्यंत."

"तू होतास तेव्हा?"

"दुसरं टोक मीच धरलं होतं, बाबा."

नोव्हाक पोर्चवर कॉफी पीत बसला होता. तो मला जॅग म्हणतो, जगन्नाथ त्याच्या तोंडात बसत नाही. त्याने ओरडून विचारलं, "जॅग, काउंटीकडे टेपला पैसे उरले नाहीत का?"

"नाहीत," मी म्हणालो. "टॅक्स वाढवू म्हणतायत तुझा."

श्रीरंग हसला नाही, पण त्याने लुगडं घट्ट धरलं. शेवटची खूण काळ्या डागाच्या मधोमध आली. तिथे आम्ही पुन्हा पांढरी रेघ मारली. माझी पुढे दोन वारांवर तशीच राहिली. आठवडाभर तो तिच्या रेघेपर्यंत पळाला. मी आकडा मराठीत सांगितला. माझा आवाज तिच्याइतका लागत नाही. तरी नोव्हाकने एकदा पोर्चवरून हात वर केला.

शनिवारी मी त्याच्याबरोबर कॉलेजात गेलो. घरच्या माणसांना मैदानात सोडत नव्हते, आम्ही काही जण जाळीच्या कुंपणाबाहेर उभे होतो. स्काउट पाच-सहा असतील. टोप्या, जाड कोट, प्रत्येकाच्या हातात स्वतःचं घड्याळ. ते सगळे शेवटच्या रेघेपाशी उभे राहतात आणि मुलगा हलला की बटण दाबतात. मग एकमेकांना आकडा विचारतात. मुलांशी बोलत नाहीत. गोठ्यात जनावर बघावं तसं बघतात. वाईट माणसं नसावीत, त्यांचं काम तसं आहे.

प्रत्येकाला दोनदा पळायचं होतं. श्रीरंग पहिल्यांदा पळाला आणि मला बाहेरूनही कळलं की पाय लाकडाचे आहेत. चार पॉइंट सात. तो सरळ कुंपणाशी आला. श्वास लागला होता.

"बाबा, आईची लाइन इथे कुठे येईल?"

अंतर नजरेने मापणं माझ्या अंगात आहे. मी मैदानाकडे बघितलं. "तो पाण्याचा नळ दिसतो? त्याच्या वीतभर अलीकडे."

"तिथे उभे राहा. वॉच आणलंय?"

"तिचं आणलंय."

"ओके." तो वळला, पुन्हा फिरला. "लाउड सांगा."

मी कुंपणाच्या कडेने नळापाशी गेलो. त्याचं नाव पुकारलं. तो वाकला, एक हात जमिनीला टेकला. हलला तसं मी बटण दाबलं. या वेळी पाय मोकळे होते. तो माझ्या समोरून गेला तेव्हा मी पुन्हा दाबलं, आणि तो तसाच पुढे, खऱ्या रेघेवरून, त्या कोटवाल्यांच्या मधून निघून गेला.

ते एकमेकांना आकडे विचारू लागले. एकाने घड्याळ कोचला दाखवलं. कोच कुंपणाशी माझ्याकडे आला. भला माणूस. पद्मिनी गेली तेव्हा गाडी चालवत घरी आला होता.

"चार पॉइंट सहा चार," तो हळू म्हणाला. "मी त्याला इतका जोरात पळताना कधीच बघितलं नाही."

"त्यांना हे चालेल?"

त्याने नकारार्थी मान हलवली. स्काउट तोवर पुढच्या मुलाकडे वळले होते. श्रीरंगला कोणी थांबवलं नाही, काही विचारलं नाही. एप्रिलच्या शेवटी तीन दिवस नावं वाचली गेली, त्यात त्याचं नव्हतं. पण ते आम्हाला त्या शनिवारीच कळलं होतं.

तो टॉवेल मानेवर टाकून माझ्याकडे आला.

"किती?"

मी कोचकडे बघितलं. सांगायचं मलाच होतं.

"सहा चार."

त्याने जाळीत बोटं अडकवली आणि खाली बघत उभा राहिला. मागे पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं.

"ओके," तो म्हणाला. मग त्याने माझ्या हाताकडे बघितलं. "आणि आईच्या लाइनला?"

मी घड्याळ वर केलं आणि जितका निघाला तितक्या मोठ्या आवाजात सांगितलं, "चार पॉइंट चार!"

दोन-तीन कोटवाले वळून बघायला लागले. श्रीरंग हसला. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

"चार पॉइंट चार कधीच आला नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"तिने लगेच नागपूरला फोन केला असता."

"बिल बघून मी ओरडलो असतो."

"मावशी म्हणाली असती, चार म्हणजे पहिल्यापेक्षा कमी का गं झाला?" त्याने टॉवेलने तोंड पुसलं, आणि तो तोंडावर तसाच धरून ठेवला. मी जाळीतून हात घालून त्याच्या कोपराला धरलं. हात मनगटापर्यंतच आत गेला, तेवढा पुरला.