तीन दिवसांची वही

बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनची केबिन आणि जमीन यांच्यामध्ये दोनशे बारा पायऱ्या होत्या. ती क्रेन चालवणाऱ्याला सगळे आभाळ्या म्हणत. तीस वर्षं तो तिथे बसला, आणि एवढ्या काळात त्याने नाकावर माशी बसू दिली नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची विजार ओली व्हायला लागली.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर मुळीच नाही. पण ती इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्री करायची, कपड्यांनी तिच्यापासून काही लपवलं असेल तर शपथ. आभाळ्या डब्याच्या पिशवीत रिकामी बाटली आणि जास्तीची विजार नेऊ लागला. संध्याकाळी आल्या आल्या कपडे स्वतःच भिजत घालू लागला. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता तो विजारी पिळायला लागला, तेव्हा ती काय ते समजली.

समजली, कारण तिचंही तेच होतं. धाकट्या मुलीच्या बाळंतपणापासून, म्हणजे तेवीस वर्षं. कुलपात किल्ली घातली की कळ यायची आणि दार उघडेपर्यंत धीर निघायचा नाही. जुन्या चादरीच्या तुकड्याची घडी लावून ती कामावर जायची, दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही, आणि बसचा प्रवास लांबचा असेल तर बहिणीकडे जायचंही टाळायची. बहीण तिला माणूसघाणी म्हणायची. तिने तेही ऐकून घेतलं. एका घरात दोन माणसांचं तेच दुखणं, आणि दोघांची अळीमिळी गुपचिळी.

दोन महिन्यांनी कंपनीची वैद्यकीय तपासणी होती. तिथे हे उघडकीला आलं असतं तर त्याला खाली उतरवून फाटकावर पासांवर शिक्के मारायला बसवलं असतं. आभाळ्याच्या लेखी त्यापेक्षा मरण बरं. शेवटी तिनेच विषय काढला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एक दवाखाना शोधला. तो आला, पण दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा असल्यासारखा बसून राहिला. त्यात डॉक्टर निघाल्या बाई, म्हणजे बोलायलाच नको.

डॉक्टरबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. गळतं ते एकच दिसत असलं तरी कारणं निराळी, आणि कारण पाहून उपाय. पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी वाढली की वाट अडते, लघवीची पिशवी पुरती रिकामी होत नाही आणि काठोकाठ भरून बाहेर येते. त्याच्या गोळ्या वेगळ्या, नाहीतर शस्त्रक्रिया. पिशवी उगाचच आवळत असेल तर चहा कमी करायचा, घड्याळ लावून जायचं, पिशवी शांत करायच्या गोळ्या घ्यायच्या. बायकांना खालचे स्नायू आवळायच्या व्यायामानेही पुष्कळदा गुण येतो. काहींना आत आधाराला रबरी कडी बसवतात, काहींना शस्त्रक्रिया करून आधाराची पट्टी टाकतात. आभाळ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. ती मात्र जिवाचा कान करून ऐकत होती, विशेषतः बायकांचं. तिला काही विचारायचंय का, असं बाईंनी विचारलं. आपण नुसतं यांच्याबरोबर आलोय, असं ती म्हणाली.

तपासून घ्यायला त्याने नकार दिला. मग निदान मागे किती लघवी उरते ते पाहायला सोनोग्राफी कराच, असं बाईंनी बजावलं आणि एक छोटी वही दिली. तीन दिवस लिहायचं, किती प्यायलात, कधी गेलात, किती झाली, कधी गळली.

घरी आल्यावर आभाळ्याने वही तिच्यापुढे टाकली. असली थेरं आपल्याला जमायची नाहीत, तूच काय ते लिही, म्हणाला. सोनोग्राफीला रजा हवी आणि रजेला कारण हवं, तेव्हा झाली म्हणून सांग, रिपोर्ट घरी राहिला म्हणून सांग. तिने दोनदा समजावलं, मग हात टेकले.

पण लिहिणार काय? तो दिवसभर आभाळात. एकदा तिने आडून आडून विचारलं, तर जेवण टाकून उठला. वही दोन दिवस कोरी राहिली. तिसऱ्या दिवशी लाँड्रीत सुटीच्या वेळात तिने पेन घेतलं आणि लिहिलं, सकाळी सहा, थोडी. सात, कळ आली, पोचेपर्यंत गळली. ते तिचं होतं. तिला वाटलं, दोघांचं दुखणं एकच, आकडे एकमेकांचे चालतील. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे प्रश्न विचारले होते, आणि तिला उत्तर द्यायचं होतं. तिथून पुढचे तीन दिवस तिने मनापासून भरले.

वही घेऊन ती एकटीच गेली. सांगायची ती थापही सांगितली. डॉक्टरबाई वही वाचून म्हणाल्या, हे तर स्पष्टच आहे, आणि पिशवी शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या. धार बारीक झाली किंवा अडली तर गोळी बंद करून ताबडतोब या, हे दोनदा सांगितलं. औषधाच्या दुकानात तिने दोन पाकिटं घेतली. एक त्याच्या डब्याशेजारी ठेवलं, दुसरं लाँड्रीतल्या कपाटात.

चौथ्या दिवशी कुलपात किल्ली फिरली आणि कळ आली नाही. ती दारात उभीच राहिली. आठवड्याभरात ती कामावर सकाळीच चक्क पेलाभर पाणी प्यायली, बहिणीला येते म्हणून कळवलं. धारेचं तिने आभाळ्याला सांगितलं होतं, त्याने हं म्हटलं होतं. तो दिवसेंदिवस गप्प होत चालला, जेवण अर्धं टाकू लागला, तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं. तिने विचारलं की तो बराय म्हणायचा. आणि ती म्हणायची, घेत राहा, लागू पडतंय.

बाराव्या दिवशी क्रेन मध्येच थांबली. वर गेलेल्या दोघांना आभाळ्या खुर्चीत वाकलेला दिसला, पोट दगडासारखं टणक. दोरांनी बांधून त्याला दोनशे बारा पायऱ्या उतरवला. सगळं बंदर काम थांबवून बघत होतं.

इस्पितळात नळी घातली तेव्हा दोन लिटरच्या वर लघवी निघाली. पिशवी ताणून सैल पडली होती, आता नळी कायमची असं म्हणत होते. मूत्रपिंडांची तर आशाच सोडा. डॉक्टरबाई त्याच इस्पितळात फेरीला यायच्या. त्या वही हातात घेऊन खाटेशी आल्या.

"हे या माणसाचं असूच शकत नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

आभाळ्याचे डोळे मिटलेले होते.

"माझं," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचंही विचारलं. झालीच नव्हती, हेही तिने सांगून टाकलं. बाई इतकंच म्हणाल्या की त्या गोळ्या तुमच्यासाठी होत्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आभाळ्या जागा होता.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"तेवीस."

"आणि गुण आला?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. पण ती आला म्हणाली. आता हा शिव्या देईल, द्याव्यात, असं तिला वाटत होतं. शिव्या खाऊन थोडं तरी मोकळं झालं असतं.

"आठवड्यापासून धार नीट नव्हती," तो हळूच म्हणाला. "बंद करणार होतो. पण तू रोज सांगत होतीस, लागू पडतंय. मला वाटलं, तू म्हणतेस म्हणजे पडतच असणार."