‘प्लीज’ नसलेली भाषा

ईप्सिताच्या सासूनं, बेंटेनं, टेबलावरून हात पुढे केला आणि श्रीधररावांकडे पाहत डॅनिशमध्ये म्हटलं, "मला मीठ दे."

"जरा मीठ देता का प्लीज, म्हणतायत," ईप्सितानं वडिलांना सांगितलं.

त्यांनी मिठाची बाटली सरकवली. बेंटे "ताक" म्हणाली. ताक म्हणजे आभार, एवढं आठवडाभरात त्यांना समजलं होतं.

"प्लीज नव्हत्या म्हणाल्या," ते पुटपुटले. "तीनच शब्द होते. मला मोजता येतात."

जर्मनीत, डेन्मार्कच्या सीमेलगतच्या फ्लेन्सबुर्गमधल्या ईप्सिताच्या या सासरघरात पिढ्यान्‌पिढ्या डॅनिश बोलत, जर्मन दाराबाहेर. आणि डॅनिशमध्ये 'प्लीज'ला शब्दच नव्हता. स्वर मऊ ठेवायचा, शेवटी आभार मानायचे, झालं. हे तिनं बाबांना तीनदा समजावलं होतं. तरी आठवडाभर ती दोन्हीकडे आपल्या पदरचं घालत होती. बाबा म्हणत, भाजी अळणी आहे. ती सासूला सांगे, त्यांना फार आवडली. हसून हसून तिचा जबडा दुखायला लागला होता.

जेवण अर्धवट टाकून श्रीधरराव उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. ती मागोमाग गेली.

"माझं तिकीट अलीकडचं करून घे."

"अहो बाबा, अजून दोन आठवडे आहेत."

"तुझी आई जाऊन आठ महिने झाले. तुझ्या लग्नात लीलानं ह्या बाईंना चार दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं, त्यांचं सगळं केलं. मी आल्यापासून ह्यांच्या तोंडून तिच्याबद्दल एक अक्षर नाही. इथं मी कशाला राहू?"

ईप्सिताचं डोकं फिरलं. बाबांवर, सासूवर की स्वतःवर, ते तिलाही कळेना. टेबलापाशी येऊन तिनं उभ्याउभ्याच, काही न गाळता, सगळं डॅनिशमध्ये सांगून टाकलं.

"ईप्सिता," तिचा नवरा येन्स हलकेच म्हणाला.

बेंटेनं सुरी खाली ठेवली. "मी बोलले होते. पहिल्याच दिवशी, स्टेशनवर, त्याचे दोन्ही हात धरून. 'ताक फॉ सिस्ट' म्हणाले. तू त्याला काय सांगितलंस?"

ईप्सिताला आठवलं. बॅगा, गर्दी, सुटायला आलेली बस. 'नमस्कार म्हणतायत,' असं सांगून ती पुढे निघाली होती.

"बाबा, चूक माझी आहे." ती पुन्हा खिडकीपाशी गेली. "त्या बोलल्या होत्या. यांच्यात भेटल्यावर आधी मागच्या भेटीचे आभार मानतात. मागच्या वेळेबद्दल आभार, म्हणाल्या होत्या."

"मागच्या वेळी म्हणजे..."

"आई होती तेव्हा."

श्रीधरराव खिडकीपासून हलले नाहीत. मग म्हणाले, "विचार त्यांना, नाव का नाही घेतलं. असंच विचार. गोड करू नकोस."

तिनं तसंच विचारलं.

"नाव घेतलं असतं तर मी रडले असते," बेंटे म्हणाली. "मग त्यालाच मला सावरावं लागलं असतं. हे बरं दिसलं असतं का?"

ईप्सितानं शब्दाला शब्द सांगितला. येन्स पाण्याचा ग्लास फिरवत बसला.

शेवटी बेंटे खुर्ची मागे सारून उठली. "ती रोज सकाळी मला साडी नेसवायची. तोंडात पिना धरून." तिनं ओठ आवळले, दात मिटले आणि श्रीधररावांच्या पाठीकडे पाहून मराठीत म्हणाली, "उभी राहा नीट. हात वर. हलू नकोस गं."

उच्चार वाकडेतिकडे होते, पण दटावणी थेट लीलाची होती. विहीण म्हणून अहो-जाहो काही नाही. धाकट्या बहिणीला बोलावं तसं.

श्रीधरराव वळले.

ईप्सितानं सवयीनं भाषांतरासाठी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.