रुक्मिणीबाईंची दाढ आणि माझा उजेड

मित्रांनो, मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. पुढे दुधी काच, आत ट्यूब. संत तुकाराम नगरातल्या डॉक्टर स्वरूपा यांच्या दातांच्या दवाखान्यात मी भिंतीवर असते. दाताच्या एक्स-रेची फिल्म माझ्या काचेवर लावतात. मी नुसता उजेड देते. अर्थ बघणाऱ्याने लावायचा. हल्ली मोठ्या दवाखान्यांत हे कॉम्प्युटरवर दिसतं, म्हणून माझं कौतुक उरलेलं नाही. काचेवर धूळही बसते.

एकदा दिघीच्या रुक्मिणीबाई दोन दाढा काढायला आल्या. दोन्हींखालचं हाड झिजलंय, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला फिल्म बघून सांगितलं होतं. सोबत मुलगा भैरू होता, चाकणच्या कंपनीतला.

भुलीची सुई देण्याआधी डॉक्टरांनी तीच फिल्म पुन्हा माझ्यावर लावली आणि त्या थबकल्या. पुढच्या दाढेचं हाड आज तेवढं गेलेलं वाटेना. आपलं मत न सांगता त्यांनी सहकारी डॉक्टर जयमालांना बोलावलं.

"मागची गेलीच आहे," जयमाला म्हणाल्या. "पुढचीचं खात्रीने नाही सांगता येणार. फिल्म तिरकी आलीय."

भैरू वैतागला. "मॅडम, त्या दिवशी काढायच्या म्हणालात, आज न्हाई म्हणता. मला शिफ्टला जायचंय."

"फोटू तर त्योच हाय नव्हं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"तोच आहे, मावशी. मलाच आज वेगळा दिसला. काढलेली दाढ परत बसत नाही, म्हणून अजून तपासते."

रुक्मिणीबाईंनी गाल चाचपला. "तपासा बाई. भैरू, तू जा कामाला."

भैरू गेला नाही. बाहेर जाऊन त्याने सुपरवायझरला फोन केला आणि बाकावर येऊन बसला.

डॉक्टरांनी फिल्म तोंडात सरळ बसवून नवा एक्स-रे काढला. खुणांच्या बारीक सळईने हिरडी किती सुटलीय ते दाढेच्या चारी बाजूंनी मोजलं. माझी काच पुसली. मग दोघींनी मिळून पाहिलं. पुढच्या दाढेचं हाड बरंच शिल्लक होतं. मागची दाढ काढली. पुढचीच्या हिरडीखालची घाण साफ केली आणि ती दाढ राखली. ती अजून आहे. जराशी हलते, पण रुक्मिणीबाई तिच्यावर भाकरी चावतात.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, एवढंच माझं मागणं. आणि डॉक्टर "थांबा, पुन्हा एकदा बघते" म्हणाल्या, तर घड्याळाकडे बघू नका. त्यांना बघू द्या.