मुंगीच्या वतीने करकरणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि थापा मारण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. मला तर दोन हात आहेत! तेव्हा माझ्या जन्माची हकिगत जरा हातचं राखूनच ऐका. त्यापुढचं मात्र चारही पायांची शपथ घेऊन खरं सांगते.

ज्या झाडापासून मी झाले ते इतकं उंच होतं, की ढगांना त्याला वळसा घालून जावं लागे. शेंड्याची फांदी छाटायला जो माणूस वर चढला तो तरुण होता. खाली उतरला तेव्हा त्याच्या नातवाला मिशा फुटल्या होत्या. त्याच फांदीपासून सुताराने मला घडवलं. रुंद पाठ दिली, वेताची बैठक विणली, हातांना गोलाई आणली. "हिच्यावर बसलेल्याला उठावंसं वाटता कामा नये," असं तो रंधा मारता मारता पुटपुटायचा.

माझी पहिली नोकरी एका कॉलेजात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागली. मला वाटलं, तिथे बाटल्यांत मनं भरून ठेवली असतील. कसलं काय! एक दिवा, एक बटण आणि एक चष्मेवाले सर. विद्यार्थ्याने माझ्यावर बसायचं आणि दिवा लागताच बटण दाबायचं. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत किती वेळ जातो, ते सर मोजायचे. कधी अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायला देऊन कोण किती विसरतं तेही बघायचे. "मन दिसत नाही, पण ते काय करतं ते तपासता येतं," असं त्यांचं म्हणणं. याला प्रायोगिक मानसशास्त्र म्हणतात. एका पठ्ठ्याने तर इतक्या चपळाईने बटण दाबलं, की दिवा त्याच्यानंतर लागला. सरांनी त्याला हसतहसत बाहेर काढलं.

पुढे कॉलेजात लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी एका कारखान्यात झाली. तिथल्या अधिकारी बाईही मानसशास्त्रच शिकलेल्या, पण त्यांची शाखा वेगळी. कुणाला यंत्रावर बसवावं, कुणाला गिऱ्हाइकांशी बोलायला ठेवावं, माणसं कामाला कंटाळतात ती का, हे त्या बघायच्या. ते औद्योगिक मानसशास्त्र. नोकरी मागायला आलेली माणसं घामेजलेले तळवे माझ्या हातांवर पुसायची. माझं पॉलिश तिथेच गेलं. एका धिप्पाड उमेदवाराने तर निवड झाल्याच्या आनंदात अशी बसकण मारली, की माझ्या मागच्या पायाचा सांधाच हलला. तेव्हापासून कुणी जरा मागे रेललं की मी ओरडू लागले, "कुईं!"

करकरणारी खुर्ची कुणाला हवी असते, मित्रांनो? मला अडगळीत टाकलं. माझ्यावर मोडके पंखे ठेवले. कोळ्यांनी माझ्या हातांत संसार थाटले. तिथून भंगारवाल्याने उचललं आणि त्याच्याकडून मला ताईंनी घेतलं.

ताई मुलांच्या मनाच्या जाणकार. एका शिवणयंत्रांच्या दुकानावर त्यांची छोटी खोली होती. जमिनीवर सतरंजी, टोपलीत ठोकळे, खिडकीत मी. माझ्यावर बसणारी मोठी माणसं आधी तेच ते प्रश्न विचारायची.

"तुम्हाला आमच्या मनातलं ओळखता येतं का हो?"

"येत असतं तर माझ्या चष्म्याची डबी कुणी लपवली ते नसतं का कळलं?" ताई म्हणायच्या. "तुम्ही सांगाल तेवढंच कळेल मला. आणि थोडं तुम्ही सांगत नाही त्यावरून."

"इथे फक्त वेडे लोक येतात ना?"

"पाय मुरगळला की माणूस डॉक्टरकडे जातो. त्याला आपण लंगडा म्हणतो का? मन मुरगळलं की इथे यायचं."

"मग गोळ्या काय देणार?"

"गोळ्या मी देत नाही. मानसोपचारतज्ज्ञ देतात. ते आधी वैद्यकीय डॉक्टर होतात, मग मनाच्या आजारांचं शिकतात. मी मानसशास्त्र शिकले. मी ऐकते, चाचण्या घेते, सराव करून घेते. गरज पडली तर आम्ही दोघं मिळून बघतो."

अशा ताईंकडे एका दुपारी एक आत्या आपल्या भाचीला घेऊन आली. भाचीला घरात सगळे मुंगी म्हणायचे. मुंगी माझ्यावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"घरी हिची जीभ कात्रीसारखी चालते, ताई," आत्या म्हणाली. "भावाला रडवते, मला उलटून बोलते. पण दाराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप! शाळेत गेल्यापासून एक शब्द नाही. हट्ट, दुसरं काय?"

"हट्ट असता तर तिला मजा आली असती," ताई म्हणाल्या. "बघा बरं तिच्याकडे. मजा येतेय का?"

आत्याने पाहिलं. मुंगीने माझे हात असे घट्ट धरले होते, की तिची नखं पांढरी पडली होती. आत्याचा आवाज खाली आला. "वर्गात वाचून दाखवलं नाही तर तिला याच वर्गात ठेवणार म्हणतात. तिला एकच मैत्रीण आहे हो. ती पुढे जाईल आणि ही मागे राहील."

"तिला बोलायचं असतं," ताई म्हणाल्या. "पण परक्या जागी भीतीने घसा आवळला जातो. आपण 'बोल, बोल' म्हटलं की आणखी आवळतो."

"असं होय! मुंगे, ऐकलंस ना? सांग बघू ताईंना तुझं नाव!"

"आत्या," ताई हसून म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

ताईंची एक रीत होती. गप्प मुलाला त्या काहीच विचारत नसत. त्या सतरंजीवर बसल्या आणि ठोकळे रचू लागल्या. स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "हा निळा वर ठेवते. पडेल बहुतेक."

मुंगी बघण्यासाठी वळली, रेलली आणि मी ओरडले, "कुईं!"

मुंगी दचकली. ताईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "खुर्चीबाई म्हणतात पडणार. बरं, मग लालच ठेवते."

जरा वेळाने मुंगी मुद्दाम रेलली. कुईं.

मित्रांनो, इतकी वर्षं ज्या आवाजापायी मी शिव्या खाल्ल्या, त्याला त्या दिवशी मान मिळाला. मी मुंगीची वकील झाले. एकदा करकरलं की हो, दोनदा करकरलं की नाही. ताईंनी रचलेला हत्ती तिला आवडला नाही तर ती लांबलचक करकर करायची आणि ताई म्हणायच्या, "एवढा काही वाईट नाहीये हं!" मग मुंगीचे खांदे हसण्याने हलायचे. आवाज मात्र फुटत नसे.

आत्या दर वेळी विचारायची, "आज बोलली का?"

"पुष्कळ."

"मला तर नुसती खुर्ची ऐकू आली."

"मग तुम्ही ऐकलंत की!"

पण वाचनाची परीक्षा जवळ येत चालली तसा ताईंचा चेहरा उतरू लागला. खुर्ची काही शाळेत वाचून दाखवणार नव्हती. शेवटी त्या मुंगीच्या शाळेत गेल्या. वर्गाच्या बाईंना समजावायचं होतं, की हिला सगळ्यांसमोर उभं करू नका; एकटीचं, मैत्रिणीला शेजारी बसवून ऐका. शाळेत जाऊन असं मुलांसाठी वाट काढणं, हीही मानसशास्त्राची एक शाखा आहे बरं का.

आणि नेमके त्याच सकाळी खोलीचा दिवा बदलायला ताईंचे यजमान आले.

काका गिरणीत यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले. तेलाचा डबा त्यांच्या पिशवीत कायम. बिजागरी, कात्री, शेजाऱ्याची सायकल, जे कुरकुरेल त्यात ते तेल ओतायचे. पाहुणा खोकला तरी काकांचा हात डब्याकडे जायचा, असं ताई म्हणत. काका दमून माझ्यावर टेकले. कुईं! झालं. मला उलटं केलं, सांध्यात सरस भरला, स्क्रू पिळला, वर तेल. मी किती विनवलं! पण करकरूनच विनवायचं ना, आणि तोच तर त्यांच्या लेखी आजार होता.

दुपारी ताई शाळेतून परस्पर मुंगीला आणि आत्याला घेऊनच आल्या. आत्या बाहेर बसली. मुंगी माझ्यावर चढली. ताईंनी ठोकळा उचलला. "हा वर ठेवू?"

मुंगी रेलली. काहीच नाही. पुन्हा रेलली, जोर लावून. मी अंगातली रेघ न् रेघ ताणली, मित्रांनो. पण काकांचं काम पक्कं. मुंगीने मागे वळून माझ्या पायाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.  ताईंनी हातातला ठोकळा तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात काका हात पुसत दारात आले. "कशी झालीय? आता अजिबात आवाज नाही!"

मुंगी माझ्यावरून खाली उतरली. माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. आणि चिरका, बारीक, इथे कधीच न वापरलेला आवाज आला.

"तिचा आवाज परत द्या."

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. बाहेर आत्या ताडकन उठली, ताईंनी तिला हातानेच थांबवलं आणि रोजचंच बोलणं चालल्यासारखं म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. खुर्चीला विचारलं होतंत का? घ्या स्क्रूड्रायव्हर."

"देतो, बाळा, आत्ता देतो," म्हणत काका जमिनीवर बसले. स्क्रू सैल केला, पाय हलवला, मला थोपटलंसुद्धा. पण सरस वाळला होता. मी गप्पच.

"कसा होता गं तो आवाज?" काकांनी रडवेले होऊन विचारलं.

मुंगी विचारात पडली. मग म्हणाली, "कुईं."

"कुई?"

"नाही. कुईं."

"क्वीं?"

"ते डुकराचं!" मुंगी म्हणाली. बाहेर आत्या तोंडात पदर कोंबून रडत होती की हसत होती, मला दिसलं नाही.

पुढच्या वेळी मुंगी पुन्हा गप्प होती. ताई म्हणाल्या, असंच असतं, घाई नको. मग मैत्रीण इथे खेळायला येऊ लागली. आधी तिच्या कानात कुजबुज, मग मोठ्याने भांडण, मग रिकाम्या वर्गात, मैत्रीण शेजारी असताना, वर्गाच्या बाईंसमोर एक धडा. आवाज कापला, पण धडा पुरा झाला. दोघी एकाच बाकावरून पुढच्या वर्गात गेल्या.

मी आता मुकी आहे, मित्रांनो, आणि माझं काही अडलेलं नाही. अडतं ते लहानांचं. तुमच्याही वर्गात एखादं गप्प मूल असेल. त्याला मुकं म्हणू नका, 'बोल' म्हणून मागे लागू नका. शेजारी बसा, त्याच्यासोबत काहीतरी रचा, पडलं तर पुन्हा रचा. आणि एखाद्या दिवशी ते बोललंच, तर टाळ्या वाजवू नका. नुसतं उत्तर द्या.