इंजिनावरचं लिंबू

नितेशच्या अकोल्यातल्या गॅरेजात आजवर ट्रॅक्टर आले, टिप्पर आले, बोअरच्या गाड्या आल्या. बोट मात्र पहिल्यांदाच आली. गॅरेज घराच्याच आवारात. आठ महिन्यांच्या लेकीला, आचलला, कडेवर घेऊन त्याची बायको रागिणी दिवसातून दहादा ओट्यावर येऊन उभी राही. बीएस्सी झालेली बाई. काही दिसलं की विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. या वेळी तर धास्तीही होती. अमरावतीच्या भगवंतरावांची ही शर्यतीची बोट धरणात पहिल्यांदा पळेल, तेव्हा इंजिनाशेजारी नितेश बसणार होता, आणि नितेशला पोहता येत नव्हतं.

"दोन-दोन टर्बो कशाला?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"आठ सिलिंडर हायेत. इकडं चार, तिकडं चार. हरेक चौकडीले आपला एक," नितेश पान्यानं दाखवत म्हणाला. "इंजिनाचा धूर आतला पंखा फिरवते. तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनातच कोंबते. हवा जास्त तं पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त तं ताकद जास्त."

"म्हणजे स्वतःच्याच फुंकरीनं स्वतःची चूल पेटवायची."

गॅरेजातले जुने मिस्त्री गयासुद्दीन चाचा, त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला. "वा बेटा! चाळीस वर्सांत मले असं सांगता नाही आलं."

साडेसात लिटरच्या इंजिनाचं ते धूड महिनाभर साखळीला टांगलेलं होतं. आठ पिस्टन आले, तेव्हा चाचांनी ते सोनाराच्या काट्यावर तोलले आणि जड निघाले ते आतून घासून एका वजनाचे केले. रागिणीला गंमत वाटली. एवढं दांडगं यंत्र आणि हिशोब गुंजांचा! एका दुपारी आचलला बाटलीनं दूध पाजता पाजता तिनं इंजिनाच्या बुडाशी बसणारं तेलाचं चेंबर तयार होताना पाहिलं. मूळचं चेंबर खोल, बोटीत मावेना. चाचांनी पत्रा ठोकून उथळ, पसरट चेंबर बनवलं आणि तेल ओढणारी जाळी पुढच्या टोकाला बसवली, कारण मागं बोटीच्या तळाची पट्टी आडवी येत होती. लोखंडी घोडीवर बसवून इंजिन चालवून पाहिलं तेव्हा दोन्ही टर्बोंची शीळ पार रस्त्यापर्यंत गेली.

शनिवारी सकाळी बोट निघायची होती. भगवंतराव जीप घेऊन आले. गॅरेजातून गाडी निघाली की नारळ फुटणार आणि चाकाखाली लिंबू जाणार, हा नितेशच्या वडिलांपासूनचा नेम. नारळ फुटला. लिंबू हातात घेऊन नितेश थबकला.

"हिले तं चाकच नाहीत."

"ट्रॉलीच्या चाकाखाली ठिव," भगवंतराव म्हणाले.

"मग ट्रॉलीचं भलं होईन, साहेब. बोटीचं काय?" चाचा म्हणाले.

शेवटी लिंबू इंजिनाच्या सपाट झाकणावर मधोमध ठेवलं. जीपला जोडण्यासाठी नितेशनं ट्रॉलीचं पुढचं टोक जॅकनं उचललं. बोटीचं नाक वर गेलं, लिंबू डुगडुगलं, झाकणावरून घरंगळत मागं गेलं आणि टप्पकन चाचांच्या पायाशी पडलं.

सगळे हसले. रागिणी हसली नाही.

"भगवंतराव, पाण्यातसुद्धा बोट अशीच होते का?"

"याच्याहून जास्त, वहिनी! जोर लावला की नाक आभायाले लावते ते."

रागिणीनं आचलला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. बाटली नीट तिरपी धरली नाही की निपलाशी दूध उरत नाही, पोर हवा ओढते आणि मग तासभर पोटाला पीळ. "अहो, मग आतलं तेलही या लिंबासारखंच मागं जाईल. जाळी तर पुढं आहे."

"नऊ लिटर तेल हाय वं. तू उगाच भेऊन राहिली."

"भीते मी, खरं आहे. पण मग असंच उचललेलं ठेवून चालू करून दाखवा."

"वहिनी, उद्या पाहुणे बलावले धरणावर," भगवंतराव घड्याळ पाहत म्हणाले. "आता कुठं परीक्षा घेता?"

चाचांनी मात्र वाकून लिंबू उचललं, खिशात टाकलं आणि इंजिन तापू नये म्हणून नळाची नळी आणून त्याच्या पाण्याच्या पंपाला जोडली. "लगाव, नितेश."

जॅक आणखी वर चढला. इंजिन धडधडलं. नितेशची नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावर, आणि रागिणीची नितेशच्या चेहऱ्यावर. काटा जागेवर होता. नितेशनं "पाह्यलं?" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काटा थरथरला, आणि सरळ शून्यावर आला. त्यानं झडप घालून इंजिन बंद केलं.

आवारात नुसता नळीच्या पाण्याचा आवाज उरला.

"भर पाण्यात तेलाबिगर पाच सेकंदात इंजिन जाम झालं असतं," चाचा हळूच म्हणाले. "अन् त्या वेगात जाम झालं, तं बोट पालथी. माही चूक हाय. जिंदगीभर जमिनीवरची इंजिनं बांधली म्या. जमीन कुठं नाक वर करते?"

भगवंतराव कुरकुरले, मोबाईल घेऊन फाटकाबाहेर गेले आणि पाहुण्यांना नाही म्हणून सांगून आले. नितेशनं साखळी ओढली. इंजिन पुन्हा वर निघालं. या खेपेला बोटीच्या तळाची आडवी पट्टी कापली, बाजूनं जोड देऊन तळ मजबूत केला आणि जाळी मागच्या टोकाला नेली.

नऊ दिवसांनी रागिणी धरणाच्या काठावर उभी होती. शीळ चढत गेली, बोटीनं नाक उचललं, नितेशचं नारंगी लाइफ जॅकेट ठिपक्याएवढं झालं. ते परत मोठं होईपर्यंत तिनं आचलला इतकं घट्ट धरलं होतं की पोर रडायला लागली.

नितेश भिजलेला, हसत उतरला. "काटा हालला नाही! एक केसभर नाही!"

रागिणीनं त्याचा दंड चाचपून पाहिला, जणू तो पुरता परत आलाय ना याची खात्री करत होती. मग तिची नजर पाण्यावरच्या फेसाच्या सरळ रेषेकडे गेली.

"अहो, पण शर्यतीत वळायचं असेल ना? तेव्हा तेल कोणत्या बाजूला जातं?"

नितेशनं चाचांकडे पाहिलं. चाचांनी खिशात हात घालून सुकलेलं लिंबू बाहेर काढलं, तळहातावर ठेवलं आणि हात हळूहळू डावीकडे तिरपा केला.